पंजा गेला, कुकर आला

२०२४ सालची भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता विधानसभेचे अर्ज मागे घेण्याची मुदत संपत होती. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, पण कोल्हापूरच्या पेठांतल्या सगळ्यांचे कान एकाच बातमीकडे लागले होते: राजेश लाटकर माघार घेतात की नाही? ‘कोल्हापूर उत्तर’मध्ये काँग्रेसने आधी लाटकरांना उमेदवारी जाहीर केली, मग ती काढून मधुरिमाराजे छत्रपतींना दिली, आणि लाटकर अपक्ष म्हणून उभे राहिले. बंडखोराने शेवटच्या दिवशी समजूत काढून घ्यायची आणि पुढे कधीतरी महामंडळ नाहीतर समिती पदरात पाडून घ्यायची, हा महाराष्ट्राचा ठरलेला रिवाज. तीन वाजायला काही मिनिटं उरली असताना माघारीचा अर्ज आला, पण तो लाटकरांचा नव्हता. मधुरिमाराजेंनीच माघार घेतली होती.

त्या क्षणी कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसचा पंजा गेला. जे मतदान २० नोव्हेंबरला होणार होतं, त्याच्या यंत्रावर पंजाच नसणार, हे १६ दिवस आधी कळलं. काँग्रेसचे जिल्ह्यातले नेते सतेज पाटील त्या वेळी कसे संतापले ते राज्याने टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिलं. दम नव्हता तर उभंच राहायचं नव्हतं, मला तोंडघशी का पाडलं, अशा आशयाचं ते बोलणं होतं, आणि ते थेट राजघराण्याला उद्देशून होतं. कोल्हापुरात छत्रपतींच्या घराण्याशी चारचौघांत असं कुणी बोलत नाही. म्हणून तो व्हिडिओ जितका राजकारणासाठी पाहिला गेला, तितकाच त्या सुरासाठीही. घराण्याकडून आलेलं स्पष्टीकरण वेगळं होतं: एका सामान्य कार्यकर्त्याला डावलून आपण उभं राहणं योग्य वाटलं नाही. दोन्ही बाजूंवर शहराने भरपूर तोंडसुख घेतलं.

मला त्या भांडणापेक्षा वेगळ्या माणसात रस आहे. शुक्रवार पेठेत, कसबा बावड्यात, रंकाळ्याच्या काठावर राहणारा तो मतदार, ज्याने पंजाला मत द्यायचं मनाशी पक्कं केलं होतं. त्याचा उमेदवार गेला. आता तो कुठे वळला?

आधी कायद्याचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३७ प्रमाणे उमेदवार स्वतःच्या सहीने लेखी सूचना देऊन अर्ज मागे घेऊ शकतो. ती सूचना उमेदवाराने स्वतः द्यायची, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर सूचकाने नाहीतर निवडणूक प्रतिनिधीने. पक्षाच्या अध्यक्षाचा यात कुठेही संबंध नाही. एकदा दिलेली माघार रद्दही करता येत नाही. पक्षाने दिलेला एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंतच चालतो, आणि त्या निवडणुकीत तो दिवस २९ ऑक्टोबर होता. म्हणजे ४ नोव्हेंबरला काँग्रेसने कितीही ठरवलं असतं तरी लाटकरांच्या नावापुढे पंजा लावता आला नसता. गंमत अशी की मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा मतदानाआधी मृत्यू झाला तर कलम ५२ नुसार मतदान पुढे ढकलतात आणि पक्षाला दुसरा उमेदवार देता येतो. उमेदवार जिवंत राहून निघून गेला, तर पक्षाने हात चोळत बसायचं.

काँग्रेसने मग लाटकरांनाच पाठिंबा दिला. त्यांचं चिन्ह होतं प्रेशर कुकर. लाटकर माजी नगरसेवक, त्यांच्या पत्नी सूरमंजिरी लाटकर शहराच्या महापौर होत्या. म्हणजे नाव अनोळखी नव्हतं. पण हेही विसरून चालणार नाही की, आठवडाभरापूर्वी याच लाटकरांची उमेदवारी नको म्हणून पक्षातल्याच माजी नगरसेवकांनी रान उठवलं होतं आणि काँग्रेस कमिटीवर दगडही पडले होते. ज्याच्या नावाने आधी शंख केला, त्याच्या नावाने सोमवारपासून घोषणा द्यायच्या. कार्यकर्त्याला हे जमतं, त्याचं पोट त्यावर असतं. मतदाराला अशी सक्ती नसते.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर यांना १,११,०८५ मतं, लाटकरांना ८१,५२२. फरक २९,५६३.

हा आकडा ऐकून पंजा असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही. शेजारच्या ‘कोल्हापूर दक्षिण’मध्ये पंजा होता, सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज पाटील विद्यमान आमदार होते, तरी भाजपच्या अमल महाडिकांनी त्यांना १७ हजारांवर मतांनी पाडलं. जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. लाडकी बहीण योजनेचे हप्ते खात्यावर जमा झाले होते, राज्यभर महायुतीची लाट होती. पंजा नसल्याने नेमकी किती मतं गेली हे दोन मतदारसंघांतल्या फरकाची वजाबाकी करून सांगणं म्हणजे शेजाऱ्याच्या वजनावरून आपली साखर मोजणं. तरी दिशा कळण्याइतपत पुरावा या एका मतदारसंघाच्या मागच्या दहा-पंधरा वर्षांत सापडतो. आणि तो फार बोलका आहे, कारण इथे २०१९ पासून दर निवडणुकीत कुणाचा तरी उमेदवार गायब होत आला आहे.

कोल्हापूर शहराची जागा २००४ मध्ये मालोजीराजे छत्रपतींनी काँग्रेसकडून जिंकली होती. मधुरिमाराजे त्यांच्या पत्नी, आणि माजी मंत्री दिग्विजय खानविलकर यांच्या कन्या. २००९ मध्ये नव्या रचनेतल्या ‘उत्तर’मध्ये राजेश क्षीरसागरांनी मालोजीराजेंना हरवलं आणि पेठांतल्या तालमींवर भगव्याचा जोर बसला. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष सुटे लढले. क्षीरसागर ६९,७३६, काँग्रेसचे सत्यजित कदम ४७,३१५, आणि भाजपचे महेश जाधव सुमारे ४० हजार. शिवसेना आणि भाजपचं मत त्या दिवशी वेगवेगळं मोजलं गेलं, हे पुढच्या हिशोबासाठी लक्षात ठेवायचं.

२०१९ मध्ये युती झाली. भाजपचा उमेदवार यंत्रावर नव्हता. काँग्रेसचे चंद्रकांत जाधव यांना ९१,०५३ मतं आणि क्षीरसागरांना ७५,८५४. म्हणजे २०१४ मध्ये भाजपला पडलेल्या ४० हजारांपैकी मोठा भाग मित्रपक्षाच्या धनुष्यबाणाकडे आलाच नाही. जाधव उद्योजक, फुटबॉलवेडे, आणि कोल्हापुरात फुटबॉलचं वेड हे जातीपेक्षा आणि पक्षापेक्षा खोल असतं. त्या काळात भाजपची मंडळी क्षीरसागरांवर खूश नव्हती हे पेठांत सर्वांना माहीत होतं. वरून नेत्यांनी युती केली, पण खालच्या माणसाने आपलं मत आपल्या कारणाने दुसरीकडे नेलं.

मग २ डिसेंबर २०२१ ला चंद्रकांत जाधवांचं निधन झालं आणि १२ एप्रिल २०२२ ला पोटनिवडणूक झाली. आता महाविकास आघाडी सत्तेत होती, जागा काँग्रेसची, म्हणून शिवसेनेने क्षीरसागरांना थांबवलं. दोन वेळचा आमदार, ७५ हजारांहून अधिक मतांचा धनी, आणि धनुष्यबाण यंत्रावर नाही. काँग्रेसने जाधवांच्या पत्नी जयश्री जाधव यांना उभं केलं, भाजपने सत्यजित कदम यांना. होय, तेच कदम जे २०१४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होते. आघाडीच्या नेत्यांचा आदेश होता की शिवसैनिकांनी पंजाला मत द्यायचं. जयश्री जाधव ९६ हजारांवर मतं घेऊन जिंकल्या, कदमांना ७७-७८ हजारांच्या घरात मतं पडली.

आता हे २०१९ शेजारी ठेवून पहा. काँग्रेसची मतं ९१ हजारांवरून पाच-सहा हजारांनी वाढली. आणि भाजपला पडली ती जवळजवळ तितकीच, जितकी क्षीरसागरांना पडली होती. बेरीज-वजाबाकीतून माणसांची मनं दिसत नाहीत हे मान्य. काही शिवसैनिकांनी पंजा दाबला असेल, काही काँग्रेसवाले घरीच बसले असतील, सहानुभूतीने काही नवीन मतं आली असतील. पण ज्यांचा उमेदवार गायब झाला त्यांतले बहुतेक ‘मातोश्री’च्या आदेशापेक्षा आपल्या जुन्या ओढीने चालले, असं म्हणायला जागा आहे. दोन महिन्यांनी शिवसेना फुटली. फुटीची मुळं सुरत-गुवाहाटीच्या हॉटेलांत शोधणाऱ्यांनी कोल्हापुरातल्या एप्रिलच्या पेट्या एकदा तरी उघडून पाहायला हव्या होत्या.

आणि २०२४? क्षीरसागर पुन्हा आले, भाजप त्यांच्यासोबत, मतं १,११,०८५. २०१४ ची शिवसेना आणि भाजप यांची सुटी मतं एकत्र केली तर हाच आकडा जवळपास येतो. काँग्रेसकडचं मत मात्र २०२२ च्या पंजाहून १५ हजारांच्या आसपास कमी झालं. तीच जयश्री जाधव यांची मतं, ज्यांना या वेळी पक्षाने उमेदवारी नाकारली. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मधुरिमाराजेंच्या माघारीच्याही चार दिवस आधी, त्या शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या होत्या. तेव्हा काँग्रेसच्या मतदाराने एका आठवड्यात दोन उमेदवार गमावले: एक आधीची आमदार, दुसरी अधिकृत उमेदवार. महिनाभरापूर्वी, ५ ऑक्टोबरला राहुल गांधी कसबा बावड्यात शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला येऊन गेले होते. १६ नोव्हेंबरला प्रियंका गांधी कोल्हापुरात सभा घेऊन गेल्या. शहरात पक्षाचे राष्ट्रीय नेते येत होते, पण यंत्रावर पक्षच नव्हता.

यावर कोल्हापूरकर म्हणतील की चिन्ह नसणं ही काही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. खरंच आहे. २००९ च्या लोकसभेत राष्ट्रवादीने सदाशिवराव मंडलिकांना उमेदवारी नाकारून संभाजीराजे छत्रपतींना, म्हणजे मालोजीराजेंच्या थोरल्या बंधूंना, घड्याळ दिलं. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजारांनी जिंकले. पंधरा वर्षांनी अगदी तसाच डाव पुन्हा मांडला गेला: एकीकडे राजघराणं, दुसरीकडे पक्षाने डावललेला माणूस. पण लाटकर मंडलिक झाले नाहीत. मंडलिकांच्या मागे अनेक वर्षांची खासदारकी होती, हमिदवाड्याचा साखर कारखाना होता, आणि कागलच्या गावागावांत ‘मंडलिक गट’ नावाची एक गोष्ट होती जी चिन्हावर अवलंबून नव्हती. लाटकरांकडे नगरसेवकाचा गोतावळा होता, आणि नगरसेवकाचा गोतावळा वॉर्डाच्या हद्दीपाशी थांबतो.

गट ही कोल्हापूरची खास चीज आहे. गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती, कारखाने, सगळीकडे पक्षाआधी गट विचारला जातो. २०१९ च्या लोकसभेत काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी होती, उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक. पण महाडिकांशी हाडवैर असलेल्या सतेज पाटील गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांचं काम केलं. मंडलिक २,७०,५६८ मतांनी निवडून आले. ही त्या गटाच्या वळवण्याच्या ताकदीची कमाल होती, यात मोदी लाटेचा वाटाही मोठा होता. २०२४ मध्ये त्याच गटाला फक्त आपलंच मत आपल्याच बाजूला ठेवायचं होतं, आणि ते निसटलं. माझा अंदाज असा की कुणाला पाडायचं आहे म्हटलं की गट मतदार वळवू शकतो. कुणाला तरी निवडून आणा, आणि तोही ज्याच्यावर आपणच आठवडाभर टीका केली, असं म्हटल्यावर वळण जमत नाही. वैराला सोळा दिवस पुरतात, आपुलकीला पुरत नाहीत.

पंचगंगा ओलांडून कृष्णेच्या काठी जावं म्हणजे हे जास्त स्पष्ट होतं. त्याच वर्षी, मे महिन्यात, सांगलीतही लोकसभेच्या यंत्रावर पंजा नव्हता. आघाडीत जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील, चिन्ह मशाल. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. निकाल: लिफाफा ५,७१,६६६, भाजपचे संजयकाका पाटील ४,७१,६१३, मशाल ६०,८६०. काँग्रेसच्या मतदाराने अधिकृत आघाडीकडे पाठ फिरवून अपक्षाला एक लाखाच्या फरकाने दिल्लीला पाठवलं. कोल्हापुरात जे जमलं नाही ते सांगलीत कसं जमलं?

एक तर घराणं. दुसरं म्हणजे सराव. २०१९ मध्येही सांगलीची जागा मित्रपक्षाला, स्वाभिमानीला सुटली होती, आणि विशाल पाटील तेव्हा बॅट या चिन्हावर लढले होते. पंजाशिवाय आपला माणूस शोधून काढायची सवय तिथल्या मतदाराला पाच वर्षांपूर्वीच लागली होती. तिसरं, आणि मला सर्वांत मोठं वाटतं ते, सांगलीत उमेदवार गेलाच नव्हता. पक्ष निघून गेला, माणूस राहिला. कोल्हापुरात उलटं झालं. पक्ष तिथेच होता, त्याचे नेते, त्याच्या सभा, त्याचे पैसे, पण ज्याला मत द्यायचं तोच निघून गेला, आणि मागे उरलेला माणूस पक्षाने स्वतःच नाकारलेला होता. पक्षाने सोडलेल्या माणसामागे लोक जातात, त्यात चीड असते. माणसाने सोडलेल्या पक्षामागे जायला लोकांना कारण सापडत नाही.

कारण सापडलं नाही की लोक काय करतात, याची उत्तरं इतर ठिकाणी आकड्यांत मिळाली आहेत. मुंबईतल्या अंधेरी पूर्वमध्ये नोव्हेंबर २०२२ च्या पोटनिवडणुकीत राज ठाकरेंच्या पत्रानंतर भाजपने मुरजी पटेल यांना अर्ज मागे घ्यायला लावला. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या ऋतुजा लटके ६६,५३० मतं घेऊन जिंकल्या. दुसऱ्या क्रमांकावर उमेदवार नव्हता, नोटा होता, १२,८०६ मतांसह. आता २०१९ कडे बघा: तिथे हेच पटेल अपक्ष लढून ४५,८०८ मतं घेऊन गेले होते. त्यातली जी मतं नोटावर दिसली नाहीत, ती बहुतेक घरात राहिली. त्या दिवशी मतदान सुमारे ३२ टक्क्यांवर थांबलं. इंदूरमध्ये २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेले. काँग्रेसने नोटाचा प्रचार केला. नोटाला २,१८,६७४ मतं पडली, आणि भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने जिंकले. दोन लाख माणसं उन्हात रांगेत उभी राहिली आणि कुणालाही निवडून न देणारं बटण दाबून घरी गेली. मला ती लोकशाहीतली शोकांतिका वाटत नाही. जिथे कुकरही नव्हता तिथे त्यांनी काहीतरी लिहून ठेवलं.

४ नोव्हेंबरलाच, कोल्हापुरात मधुरिमाराजेंनी माघार घेतली त्याच दिवशी सकाळी, आंतरवाली सराटीत मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांनी आपण उमेदवार देणार नसल्याचं जाहीर केलं होतं. आदल्या रात्रीपर्यंत मतदारसंघ ठरवण्याची चर्चा सुरू होती. एका मतदारसंघातला नाही, मराठवाड्यातल्या कितीतरी मतदारसंघांतला मतदार एका सकाळी अनाथ झाला. त्याला सांगितलं गेलं ते साधारण असं: ज्याला पाडायचं त्याला पाडा. लोकसभेला या वाक्याची धार दिसली होती. विधानसभेला ती बोथट झाली, कारण ‘कुणाला पाडायचं’ याचं उत्तर प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक गल्लीत वेगळं निघालं.

माघार म्हणजे नेहमी घोटाळाच असतो असं नाही. फ्रान्समध्ये २०२४ च्या संसदीय निवडणुकीत पहिली फेरी ३० जूनला झाली, दुसरी ७ जुलैला. मधल्या आठवड्यात दोनशेहून अधिक उमेदवारांनी ठरवून माघार घेतली, कारण तिरंगी लढतीत ल पेन यांच्या पक्षाचा फायदा होत होता. पहिल्या फेरीत पुढे असलेला तो पक्ष दुसऱ्या फेरीनंतर तिसऱ्या क्रमांकावर गेला. डाव्यांच्या मतदाराने मध्यममार्गीयांना, मध्यममार्गीयांच्या मतदाराने डाव्यांना मत दिलं. तिथे मतदाराला एक आठवडाच मिळाला होता, आपल्या सोळा दिवसांपेक्षाही कमी. पण माघार का घेतली हे त्याला एका वाक्यात सांगता येत होतं, आणि ते वाक्य माघार घेणाऱ्यानेच सांगितलं होतं. कोल्हापुरात माघार घेणाऱ्यांचं वाक्य एक होतं, पक्षनेत्याचं दुसरं, आणि पाठिंबा मिळालेल्याचं तिसरं.

विधानसभेच्या यंत्रात दुसरी पसंती नोंदवायला जागा नसते. मतदाराच्या मनात दुसरं कोण होतं हे आपण कायम उरलेल्या आकड्यांवरून ओळखत बसतो. विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघात मात्र मतपत्रिका असते, आयोगाने दिलेला जांभळ्या शाईचा पेन असतो, आणि मतदार नावांपुढे १, २, ३ लिहितो. कोटा पूर्ण झाला नाही की मागे पडलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे वाटल्या जातात. डिसेंबर २०२० मध्ये पुणे शिक्षक मतदारसंघातून कोल्हापूरचे जयंत आसगावकर अशाच पसंतीच्या मोजणीतून निवडून आले. त्या मोजणीच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला, आपल्या माणसाचे मतदार त्याच्या पश्चात कुठे गेले, ते फेरीफेरीला डोळ्यांनी पाहता येतं. त्या मतदारसंघाची सहा वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीला संपते.